स्वतः धुतलेलं धोतर

मुलांनो, पोलिसातल्या नोकरीतली कितीतरी प्रकरणं मी विसरले. भातकुलीकडच्या एका गावातलं हे एक मात्र मनातून जात नाही. नावं सांगणार नाही.

अकोल्याहून माहेरी आलेली एक बाई सकाळीच ठाण्यात आली. वडील तापानं फणफणले होते म्हणून तिनं पांघरूण काढलं, तर मांडी काळीनिळी आणि वर मोठाले फोड. त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात पाठवून ती थेट आमच्याकडे आली होती. "वयनीनं माह्या बाबावर कढत पाणी टाकलं," ती म्हणाली. नणंद-भावजयीचं आधीपासून पटत नव्हतं. ठाणे अंमलदारांनी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि मी सुनेला चौकशीसाठी बोलावलं.

नवरा कामासाठी बाहेरगावी होता; ती तान्ह्या बाळाला घेऊन बाकावर बसली. दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची, तिसऱ्याला मान खाली. हवालदार हळूच म्हणाले, "मॅडम, मान पाहा तिची. हिनंच केलं." म्हातारा दगावला असता तर तिच्यावर खुनाचा गुन्हा लागला असता.

घराचा पंचनामा केला. गादी कोरडी होती, चादरीवर पाण्याचा डाग नव्हता. न्हाणीमागे एक धोतर वाळत होतं, साबण नीट न निघालेलं. ते कोणी धुतलं, असं मी सुनेला विचारलं.

"मामाजी सोताच धुवून राह्यले होते. माह्या हातात देतच नव्हते."

"मग तू विचारलं नाहीस?"

"सुनेनं सासऱ्याले थे कसं इचाराव, मॅडम?"

तिच्या सांगण्यावरून कळलं, तो कधी स्वतःचा पेलाही विसळत नसे. असा माणूस धोतर धुतो, म्हणजे तो काहीतरी लपवतो आहे.

दवाखान्यात सर्जननी तातडीनं शस्त्रक्रिया करून सडलेला भाग काढला होता. ते म्हणाले, हे भाजलेलं नाही. भाजलं तर वरची कातडी आधी जळते. इथे आतले थर आधी सडले आणि रक्त न पोचल्यानं वरची कातडी मेली. जंतूंना शिरायला एखादं गळू, ओरखडा, ब्लेडची चीर पुरते. धडधाकट माणसालाही हे होऊ शकतं. पण साखर हाताबाहेर गेलेली असेल, दारूनं किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यानं शरीर खचलेलं असेल, तर धोका फार वाढतो. सुरुवातीला वरून थोडंसंच दिसतं आणि दुखतं मात्र असह्य. म्हाताऱ्याला मधुमेह होता. गोळ्या त्यानं मनानंच सोडल्या होत्या.

जबाब देण्याइतका तो सावरल्यावर आम्ही गेलो. मला पाहताच त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पडद्यामागे उभी राहिले, हवालदारांना पुढे केलं. त्यानं सांगितलं, जांघेत गळू आलं होतं. ते त्यानं दाढीच्या ब्लेडनं फोडलं आणि वर चुना लावला.

"सरकारी दवाखान्यात काहून नाही गेले, बुवा?"

"गेलतो. तिथं डॉक्टरीण बसली होती, नातीएवढी. वापस आलो."

"मंग सुनेले तरी सांगायचं."

"जांघेतलं? सुनेले?" म्हातारा म्हणाला आणि रडायला लागला.

वैद्यकीय मत आणि हा जबाब जोडून मी चौकशी बंद केली. सून सही करायला ठाण्यात बसली होती, तेव्हा म्हाताऱ्याची लेक आली. माफी वगैरे काही मागितली नाही. भावजयीच्या मांडीवरचं बाळ उचललं आणि स्वतःचा डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. पुढे घरी जखमेची पट्टी सूनच बदलायची. म्हातारा तेवढा वेळ तोंडावर पंचा ओढून पडायचा.

खाली घातलेली मान हा पुरावा नसतो, हे मी त्या प्रकरणात शिकले. त्या घरात गुन्हा कोणीच केला नव्हता. सगळे एकमेकांना लाजत होते, आणि तेवढ्यानं एक माणूस मरणाच्या दारात गेला.

मधुमेह मलाही आहे. मागच्या महिन्यात मांडीला वर, अवघड जागी गळू आलं. घरात फक्त माझा लेक, तुमचा मामा होता. शरमेनं मी तासभर खोलीत बसून राहिले. मग दार उघडलं आणि त्याला हाक मारली.