हाका मारू नका

फोटो नाही. नावही नाही. खाली विचारत बसू नका.

जर्मनीत बोब्लिंगेनला आमच्या खालच्या मजल्यावर राहायची ती बाई गेली.

मी बोलतेय, माझी नात सई टाइप करतेय. मला अक्षरओळख नाही, त्यामुळे चुका सगळ्या तिच्या.

बाई ऑस्ट्रेलियाची. तिथल्या मूळ लोकांतली. जर्मन नवऱ्याबरोबर इकडे आली, नर्स म्हणून राबली, तो गेल्यावरही इथेच राहिली.

आमची ओळख धुरामुळे झाली.

सईचं बाळ तान्हं होतं. अंघोळ घालून मी बाल्कनीत त्याला ओव्याची धुरी देत होते. समोरच्यांनी धाडधाड खिडक्या लावल्या. ही मात्र धापा टाकत जिना चढून वर आली.

मला वाटलं, आली भांडायला.

तर ती बाळाकडे बघून रडायलाच लागली.

"सई, विचार तिला, काय झालं?"

"आजी, ती म्हणते, त्यांच्याकडेही बाळाला धुरी देतात. पानांची. या देशात असं पहिल्यांदाच बघितलं म्हणे."

झालं. त्या दिवसापासून रोज चहाला हजर. चहात साखर नाही, साखरेत चहा घालून प्यायची.

पुढे तिकडे तिचा भाऊ वारला. हिने भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवून कपाटात ठेवला. नाव घेईना. नुसतं "माझा भाऊ" म्हणायची.

म्हणाली, "गेलेल्याचं नाव घेतलं, चेहरा दाखवला, की ती हाक होते. मग त्याचा पाय निघत नाही. घरची मोठी माणसं सांगेपर्यंत गप्प राहायचं. आमच्या सगळ्याच लोकांत असं नसतं, पण आमच्या घरात असतं."

मी म्हटलं, "सई, तिला सांग, मी यांचं नाव हे जिवंत असतानाही घेतलं नाही. तरी जेवायच्या वेळेला हाक न मारता हजर!"

बाई इतकी हसली, इतकी हसली, की चहा नाकात गेला.

ती गेली तेव्हा मी आणि सई हॉस्पिटलमध्येच होतो. घरून निखिलने, सईच्या नवऱ्याने, पोस्ट टाकली. मनाने सोनं आहे पोरगा. बाईचा हसरा फोटो, त्याला मोबाइलमधला हार, दोन बाजूंना दोन समया, खाली मोठ्या अक्षरांत तिचं नाव.

आपल्या लोकांनी भराभर फॉरवर्ड केला. गेर्लिंगेन, ड्युसेलडॉर्फ, पार पुण्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिच्या भाच्याचा तिकडून फोन आला. फार हळू बोलत होता.

"आंटी, तो फोटो काढाल का? आईने फोन उघडला आणि..."

त्याची आई म्हणजे बाईची धाकटी बहीण. फोन अंगणात ठेवून आली म्हणे, घरात आणेचना.

निखिल पांढराफटक पडला. "आजी, मला खरंच माहीत नव्हतं. आपल्याकडे मान देतात तसा दिला."

"कळतंय रे. मला फोन चालवता आला असता तर मी दोन हार घातले असते."

पोस्ट लगेच काढली. पण एकदा उडालेली पाखरं कोण धरणार?

मग भाचा स्वतः आला. इथल्या फुलवाल्याकडून त्याने निलगिरीच्या डहाळ्या आणल्या. बिल्डिंगची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरने कुरकुरत राउखमेल्डर काढले, म्हणजे धूर दिसला की कोकलतात त्या छतावरच्या पांढऱ्या डब्या. पत्र्याच्या बादलीत पानं धुमसवून भाच्याने बाईच्या घरात खोलीखोलीत धूर फिरवला.

"आमच्या मातीतली पानं नाहीत," म्हणाला, "पण मावशी समजून घेईल."

मलाही त्या धुरात उभं केलं. डोळे झोंबले म्हणून बरं झालं, रडायला निमित्त लागलं नाही.

मी सईकरवी विचारलं, "सुटली ना रे आता?"

त्याने बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "वाट मोकळी केलीय, आंटी. पण लोक अजून हाका मारताहेत."

काल सईच्या फोनवर तोच फोटो पुन्हा आला. ओळखीच्याच कुणीतरी पाठवलेला, प्रेमाने, वर गुलाब लावून. खाली सगळ्यांनी तिचं नाव लिहिलेलं. सई वाचायला लागली. मी म्हटलं, "थांब गं, तू तरी नको."

वाईट याचंच वाटतं. कुणी वाकडं वागलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. इथे सगळे मायेनेच वागलेत, आणि त्या मायेनेच तिला दारात अडवून ठेवलंय.

म्हणून हात जोडते. तुमच्याकडे तो फोटो असेल तर पुसा. ज्यांना पाठवलात त्यांनाही पुसायला सांगा. खाली दिवे, फुलं, आरआयपी, काही नको. आठवण आली तर मनात ठेवा. मनातलं तिला ऐकू जात नाही, मी भाच्याला विचारून घेतलंय.

बाई, आमच्याकडे निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत. रोज मी तुला जिन्यापर्यंत सोडायला यायचे आणि म्हणायचे, "ये हं."

आज नाही म्हणत.

जा बाई. सुखाने जा.