रिपोर्ट दाखव, मग हात देतो

"एचआयव्हीवाला पेशंट कोण? पुढं या."

वाशीच्या एका दवाखान्यात कंपाउंडर दारातून ओरडला. बाकावर नऊ-दहा माणसं. मी उठलो. कोपऱ्यात आमच्या फळबाजारातला एक बडा व्यापारी खोकत बसला होता. त्याचं खोकणं थांबलं.

मला रोग नव्हता, भीती होती. आदल्या दिवशी बाजारात फळांचे रिकामे खोके पुरवणाऱ्या एका बाईबरोबर लॉजवर गेलो होतो. माझं लग्न मोडून चार वर्षं झालेली, तीही एकटी. कंडोम फाटला. बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू करता येतात, असं मोबाइलवर वाचलं आणि धावत आलो. फॉर्मवर कारण खरं लिहिलं.

डॉक्टरनं खुर्ची मागं सरकवली. "मजा तुम्ही मारायची आणि रिस्क आम्ही घ्यायची? सरकारीत जा." फी मात्र घेतली. मी दाराबाहेर पडायच्या आत कंपाउंडर माझी खुर्ची पुसत होता.

सरकारी केंद्रात गोळ्या मिळाल्या. अठ्ठावीस दिवस. मळमळ, ताप आल्याचा भास, रोज आरशात जीभ बघायची. त्या बाईला फोन करून वाट्टेल ते बोललो. "तुझा रिपोर्ट पाठव. आत्ताच्या आत्ता."

ती म्हणाली, "मी तुझा मागितला होता का? कालपर्यंत हमालीत पेट्या उचलत होतास, गाळा घेतलास म्हणून स्वच्छ झालास?"

तिनं फोन ठेवला. मी बंद फोनलाही शिव्या दिल्या.

एप्रिलात आंबा आला. आमच्यात भाव तोंडानं करत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबायची. सगळे बघतात, आकडा कुणाला कळत नाही. पेट्या वाहता वाहता मी ही बोटं शिकलो, त्यांच्यावरच गाळा उभा केला. त्या सकाळी रुमाल टाकून हात पुढं केला. समोर तोच, दवाखान्यातला व्यापारी. त्यानं हात पाठीमागं नेला.

"रिपोर्ट दाखव, मग हात देतो."

"शेठ, ग्लोव्ज आणू काय?" मागून कोणीतरी. हशा.

रिपोर्ट खिशात होता. तीन महिन्यांनंतरचा, शेवटचा. निगेटिव्ह. काढला असता तर तिथल्या तिथं सौदा, वर चहा. हात खिशाकडं गेलाही. तेवढ्यात ऐकू आला तो फोनवरचा माझाच आवाज. हेच शब्द. हाच माज.

मी रुमाल उचलला. "माल तुला नाही."

"म्हणजे आहे तर!"

"असेल. नसेल. तुला सांगणार नाही."

त्या हंगामात चौघांनी माझ्याशी धंदा तोडला. तोडू द्या. त्या बाईची माफी मागितली. तिनं दिली नाही. बरोबर केलं.

दवाखान्याविरुद्ध लेखी तक्रार दिलीय. वकील म्हणाला, नाव गुप्त ठेवता येतं. मी पूर्ण नाव लिहिलं, गाळा नंबरसकट. डॉक्टरचा माणूस पैसे देऊन प्रकरण मिटवायला येऊन गेला, परत येईल. आयुष्यभर मी भावच केला. याचा करणार नाही.