‘हाय’मधला ह

“कुठला रे तू?” गुरुजींनी विचारलं.

“आमी मिठागराकडचे,” मी म्हणालो.

शिकायला बसलेली पनवेलातली मुलं खो खो हसली. गुरुजीही हसले. म्हणाले, “‘आम्ही’ म्हण. आधी ह शीक. मग सा लावू.”

मी तेरा वर्षांचा होतो. गाणं हवं होतं, म्हणून ह शिकलो. इतका शिकलो, की घरी आईशीही तसंच बोलू लागलो. ती माझ्याशी हळूहळू बोलेनाशी झाली. पुढे मांडीवर स्वरमंडळ घेऊन मैफली केल्या, गाण्याचा वर्ग काढला. लोक म्हणायचे, “तुम्ही आगरी वाटत नाही हो!” मी हात जोडायचो. कौतुक समजायचो.

हे माझ्या वाट्याला आलेलं. आता मी केलेलं.

रंजना माझ्या वर्गात आली, विचुंबे गावची. आगऱ्याचीच पोर. आवाज मोकळा, तिन्ही सप्तकांत सहज जाणारा. पहिल्याच दिवशी म्हणाली, “सर, मला गानं शिकायचं हाय.”

वर्ग हसला. मी म्हणालो, “आधी ह शीक.”

“सर, ‘हाय’मधी ह हाय की!”

वर्ग पुन्हा हसला. या वेळी माझ्यावर. मला ते सोसलं नाही. तिला मागं बसवलं, हातात स्वरमंडळ दिलं. “तू तारा लाव. तोंड उघडू नकोस.”

दोन वर्षं ती माझ्या मागं बसून तारा छेडत राहिली. एकही तार कधी उतरलेली नसायची. एका मैफलीआधी तिनं विचारलं, “सर, आज मागून थोडं गाऊ?”

मी म्हणालो, “इथे ‘हाय-नाय’ चालत नाही.”

तिनं स्वरमंडळ खाली ठेवलं. चपला घातल्या. गेली. मी सगळ्यांना सांगितलं, पोरीला आवाजच नव्हता.

परवा पंच्याहत्तरीचा सत्कार झाला. निवेदक म्हणाला, “मूळचे मिठागराकडचे, पण वाणी किती शुद्ध!” टाळ्या पडल्या. मला त्या ऐकवेनात. शाल बाजूला सारली, माइक घेतला. “आमी आगरी हाय.”

सभागृह हसलं. त्यांना नक्कल वाटली. आई जाऊन वर्षं झाली. त्या बोलीत मला उत्तर देणारं कुणी उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रंजनाकडे गेलो. करंजाड्यात राहते. गात नाही. मी हात जोडले. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, “माझ्या घरात येऊन माफी नको, सर. ज्यांना सांगितलंत आवाज नाय, त्यांना सांगा.”

“तू ऐकायला येशील?”

“नाय.”

म्हणून हे लिहिलं. रंजनाला आवाज होता. माझ्यापेक्षा चांगला. मी तिला भ्यालो, आणि तिचं गाणं मी बंद केलं. येत्या रविवारी हे वर्गात वाचणार आहे, पालकांसमोर, तिचं नाव घेऊन. हसले तर थांबेन. हसणं संपलं की तेच वाक्य पुन्हा वाचेन. मुलांना घेऊन कुणी उठून गेलं, तरी शेवटपर्यंत वाचेन.