तिच्या मनगटावरचं माझं घड्याळ

हे आजवर माझ्या ओठांबाहेर पडलेलं नाही. घरात सांगावं तर तोंड कुठं लपवू? आणि गावात सांगावं तर याच गावानं माझ्या खांद्यावर शाल टाकलेली आहे. तुम्ही ना घरचे, ना गावचे, म्हणून तुमच्यापुढे बसलो. मधेच अडलो तर घाई करू नका.

आधी आनंदाचं सांगतो, कारण तो आनंद शंभर टक्के खरा आहे. माझी बायको कुसुम रोज सकाळी आर्णीच्या मैदानावर फेऱ्या मारते आणि मी तिच्या मागं धापा टाकत असतो. साठी ओलांडलेली बाई, पण चालते अशी की तरण्या सुना वाट सोडतात. मधेच मागं वळून मला म्हणते, "या ना लवकर! मैदानाची मोजणी करून राह्यले का?" मला राग येत नाही. छाती फुगते माझी! ती चालते आहे, बोलते आहे, मला टोमणे मारते आहे. आणखी काय पाहिजे माणसाला?

मोजणीचा टोमणा उगाच नाही. मी सरकारी भूमापक होतो. लोकांच्या धुऱ्या-बांधांवरून, कपाशीच्या पऱ्हाटीतून, तुरीतून उन्हातान्हात चालून माझे तळवे झिजले. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असले, तरी माप खरं तेच सांगितलं. निवृत्त झालो तेव्हा ठरवून टाकलं की आता चालणं बस झालं. पण मग शुगर निघाली, आणि डॉक्टर म्हणाले — चाला.

पुण्याला असलेली आमची लेक प्राजक्ता, तिनं मनगटाला बांधायचा एक रबरी पट्टा पाठवला. तो पावलं मोजायचा, दुसरं काही त्या बिचाऱ्याला कळत नसे. मी ओसरीवर बसून पेपर वाचता वाचता हात हलवला की त्याला वाटायचं, साहेब निघाले फिरायला. तिकडे पुण्यात पोरगी खूश, इकडे मी खूश.

मग तिनं दुसरा पट्टा पाठवला. हा नाडीही बघायचा. आठ दिवसांत तिचा फोन, "बाबा, तुम्ही एवढं चालले आणि ठोके झोपलेल्या माणसाचे? योगी झाले का?" म्हणजे यंत्र हुशार झालं होतं. त्याला आता खरोखर चालणारा, जिवंत हात पाहिजे होता. आमच्या घरात तसा हात एकच होता.

कुसुमला मी म्हणालो, "पट्ट्यानं खाज सुटते मले. तू घाल. पण पोरीले सांगू नको, हिरमुसन ते." कुसुमनं बांगड्यांच्या मागं पट्टा चढवला आणि कामाला लागली. अंगण, धुणं, गच्ची, गिरणी, भाजीबाजार. संध्याकाळी फोन बघितला तर मी थक्क! ही बाई घरातल्या घरात एवढी चालते? इतक्या वर्षांच्या संसारात मला हे एका रबराच्या तुकड्यानं सांगितलं. तेव्हाच लाज वाटायला हवी होती. वाटली का? छे. मला वाटलं — जिंकलो!

आणि जिंकतच गेलो. आमच्या निवृत्त मंडळींचा चालण्याचा एक ग्रुप आहे, रोज फोनवर पावलांचे आकडे टाकायचे. मी सकाळी बूट घालून निघायचो, बस स्टँडजवळ बाकड्यावर बसून गरम आलूबोंडा खायचो आणि घरी यायचो. संध्याकाळी आकडा टाकायचो तो कुसुमचा. लोक अंगठे पाठवायचे. शेवटी ग्रुपनं ठरवलं, रविवारी माझा सत्कार करायचा.

त्याच सुमारास प्राजक्तानं तिसरं पाठवलं. हे मात्र खरंखुरं स्मार्टवॉच होतं, मोठ्या काचेचं. झोप बघणार, ऑक्सिजन बघणार, ठोक्यांची लय बघणार, आणि काही गडबड वाटली तर हातावर थरथरून माझ्या फोनवर निरोप टाकणार. या घड्याळातली पोरीला तिकडे फक्त पावलं दिसायची, बाकी सगळं माझ्या फोनवर. हेही अर्थात कुसुमच्याच हातावर गेलं.

आता — आता ते सांगतो.

सत्काराच्या आधीचा सोमवार. दुपारची वेळ, कुसुम सूप घेऊन तूर निवडत बसलेली. म्हणाली, "अवो, हे काहून थरथरून राह्यलं?" मी फोन उघडला. इंग्रजी होतं, पण नोकरीत तेवढं इंग्रजी झालेलं आहे. ठोक्यांची लय बिघडलेली दिसते, डॉक्टरांना दाखवा — एवढंच लिहिलं होतं.

मी तिला म्हणालो, "चार्जिंग संपत आलं असन."

आणि आत जाऊन ती सूचनाच बंद करून टाकली. फोनवरची अक्षरं मोठी करायची तरी मी पोरीला विचारतो. ते बटण मात्र मला कुणाला न विचारता सापडलं.

का केलं? तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे घड्याळ कुणाच्या हाताला होतं ते निघणार. मग ती पावलं कुणाची, तेही निघणार. सत्कार राहिला बाजूला, चहाच्या टपरीवर वर्षभर माझाच विषय. मी मनाशी म्हणालो, यंत्रच ते, चुकलं असेल. रविवार तेवढा होऊन जाऊ दे.

मधे एकदा ती गच्चीवर डाळ वाळवायला जाताना जिन्यातच टेकली. मी खालून विचारलं, काय झालं? "काई नाई, धाप लागून राह्यली थोडी. तुमी जा." आणि मी गेलो. सत्काराच्या झब्ब्याला इस्त्री करून आणायची होती ना!

रविवारी घड्याळ मला घालावं लागलं, स्टेजवर हात वर करून दाखवायचं होतं. निघताना ती बंद केलेली सूचना मी पुन्हा चालू केली. यंत्र खोटं ठरावं, माझ्याही हातावर थरथरावं, एवढीच आशा होती. पण पूर्ण कार्यक्रमभर ते गप्प. टाळ्या झाल्या, शाल झाली, नारळ झाला. पहिल्या रांगेत कुसुम सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होती. घरी आलो आणि घड्याळ परत तिच्या हाताला बांधलं. ती पाय पसरून बसली, आणि थोड्या वेळानं ते थरथरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी छातीला वायरी लावल्या, ठोक्यांची कागदी पट्टी निघाली, आणि घड्याळ म्हणत होतं तेच त्या कागदावर उमटलं. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं आणलं. रक्ताची गाठ होऊन मेंदूत गेली असती तर लकवा होता." गोळ्या सुरू झाल्या, पथ्य सुरू झालं आणि कुसुम सावरली. हळूहळू मैदानावर आली. पहिली पूर्ण फेरी तिनं मारली त्या दिवशी मी पोराटोरांसमोर ढसाढसा रडलो. ती फेरी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय आहे.

आणि मग कौतुक सुरू झालं. प्राजक्ता म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतःचं घड्याळ आईला बांधलं!" पावलांचं कुणी विचारलंच नाही. कुसुम तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मी कायले घालतो घड्याळ स्वतःसाठी? म्हणून यायनं खाजेचा बहाणा केला." माझ्या खोट्याला तिनं माया समजून पदरात बांधलं, आणि मी ते बांधू दिलं.

यंदा ग्रुपनं तिचा सत्कार केला. घड्याळ आता तिच्या नावावर आहे, आकडे तिच्या नावानं पडतात, आणि सगळ्यात वर तीच असते. माईक हातात घेऊन ती म्हणाली, "यायनं वेळेवर ओळखलं, म्हणून मी आज उभी आहो." आणि अंगावरची शाल काढून तिनं माझ्या खांद्यावर टाकली. मैदान दणाणून गेलं. मी मान खाली घातली, लोकांना वाटलं भला माणूस आहे.

वेळेवर ओळखलं, हे खरंच आहे. सोमवारी ओळखलं होतं. दवाखान्यात नेलं ते पुढच्या सोमवारी. मधले सगळे दिवस ती धापा टाकत गच्चीचा जिना चढत-उतरत होती, आणि मी रोज संध्याकाळी ते चालणं माझ्या नावावर ग्रुपवर टाकत होतो.