आठ शीट

मला इंजिनियर व्हायचंच नव्हतं. निफाडच्या आमच्या गल्लीतली एक मुलगी इंजिनियरिंगला गेली, म्हणून वडिलांनी मलाही नाशिकला धाडलं. हॉस्टेलच्या खोलीत माझ्याबरोबर नांदगावची एक मुलगी होती. तिचं बरोबर उलटं. वडील शिलाईकाम करायचे, त्यांना पोरीचं हे खूळ पसंत नव्हतं. एक वर्ष जरी गेलं तरी शिक्षण बंद, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. पण बया अशी जिद्दीची, की ड्रॉइंगची एकेक शीट स्वतः काढायची. रेघ जाड झाली तर खोडून पुन्हा.

आम्ही बाकीच्या जीटी मारायचो. म्हणजे दोन बादल्यांवर काच, खाली दिवा, काचेवर दुसरीची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि दिसेल ती रेघ गिरवायची. सगळं कॉलेज हेच करायचं. ती दोन दिवस घरी गेली तेव्हा मी तिच्या आठही शीट छापल्या, न विचारता. आणि माझी अक्कल बघा, एके ठिकाणी तिचं माप चुकलं होतं, तेही जसंच्या तसं उतरवलं.

सरांनी नेमकं तेच पकडलं. दोघींना समोर उभं करून विचारलं, मूळ कुणाची? तिनं हात वर केला. सर माझ्याकडे बघत राहिले. हो, तिचीच, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या मेलीच्या तोंडून शब्द फुटला नाही. सरांनी सोळाच्या सोळा शीटवर लाल काट मारली. चार दिवसांत नव्यानं आठ आणा, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही, म्हणाले.

मी सीनियरच्या शीट आणून दीड दिवसात उरकलं. तिलाही म्हटलं, काच रिकामी आहे, ये. आली नाही. बोर्डाला ड्राफ्टरच्या पट्ट्या लावून बसली ती बसलीच, ना धड जेवण, ना आंघोळ. चौथ्या दिवशी पाच झाल्या होत्या. सरांनी मोजल्या आणि परत दिल्या. इच्छा तिथे मार्ग म्हणे! मला पुढे फर्स्ट क्लास मिळाला.

त्याच आठवड्यात तिचे वडील तिला न्यायला आले. गेटजवळच्या बाकावर बसले. ती गादी बांधून खाली घेऊन आली. तिनं सगळं सांगितलं होतं, पण त्यांना ते पटत नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ही म्हणती, शीटा हिच्याच होत्या. खरं असंल तर अजून एक वर्ष ठिवतो हिला. तू सांग पोरी."

ती माझ्याकडे बघत होती. खरं बोलले तर सरांच्या कानावर जाईल, माझी परीक्षा बुडेल, एवढंच माझ्या डोक्यात. जी परीक्षा मला द्यायचीही नव्हती.

"तिचं अभ्यासात लक्षच नव्हतं, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि तिच्या हातातली गादी स्वतःच्या खांद्यावर घेतली.