नंदूची जाळरेषा

सुधावहिनींचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होतो. "भाऊजी, हे उठतच नाहीयेत हो..." एवढंच त्या म्हणाल्या. दोन मजले चढेपर्यंत माझ्या डोक्यात एकच वेडपट विचार होता. नंदू, आणि सकाळी उठत नाही? थंडी सुरू झाली की दर रविवारी उजाडायच्या आत माझं दार बडवणारा माणूस तो. "ऊठ मेल्या, डोंगर काय तुझी वाट बघत बसतलो?" तो गेला, त्याला आता दीड महिना झाला. रविवारी मला अजूनही आपोआप जाग येते, आणि दार वाजत नाही.

मुलुंडला आमच्या सोसायटीची मागची भिंत संपते तिथून जंगल सुरू होतं. उन्हं तापली की गवत पेटतं. कोणी बिडी टाकतं, कोणी कचरा जाळतं... निवृत्त झाल्यावर नंदूने ठरवलं, आग लागल्यावर बोंबलण्यापेक्षा आधीच जाळरेषा काढायची. म्हणजे गवत-पाचोळा कापून, झाडून जमिनीचा रुंद पट्टा उघडा करायचा. आग तिथे येऊन अडते. वनरक्षकाची परवानगी त्याने काढलीच, पण त्याआधी डोंगरावरच्या पाड्यात जाऊन बारकीबाईच्या ओट्यावर चहा पिऊन आला. या बाईकडून आम्ही वर्षानुवर्षं करवंदं घेतली, तीही घासाघीस करून. तिचं नाव मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. मग पाडा खाली यायचा, सोसायटी वर जायची, आणि काम झाल्यावर उंबराखाली भाकरी आणि पोहे एकत्र व्हायचे. फार सुखाचे रविवार होते ते.

कापलेलं गवत दव असताना, वारा सुटायच्या आत जाळायचं, हा नंदूचाच नियम. पण आमची मंडळी रविवारी चहा-नाश्ता उरकून आरामात उगवायची. एका वर्षी गवत काढेपर्यंत ऊन चढलं. "उद्या जाळू," बारकीबाई म्हणाली. उद्या सोमवार, सगळ्यांची ऑफिसं. "आत्ताच उरका ना यार, घरी मटण थांबलंय," कोणीतरी कुरकुरलं. ही माणसं रुसली तर परत यायची नाहीत, ही नंदूला कायमची धास्ती. त्याने काडी लावली... वाऱ्याने आग पट्ट्याबाहेर नेली. घरं वाचली, पण बारकीबाईने पाणी वाहून जगवलेली आंब्याची झाडं ऐन मोहरात करपली.

पुढे सभेत सोसायटीने खुशाल पाड्यावर आळ घेतला. नंदू उठला. "काडी मी लावली," म्हणाला. झालं! आम्हाला तोंडघशी पाडलं म्हणून सोसायटी फुगली, आणि पाडा तर आधीच तुटला होता. तो पुन्हा पुन्हा वर गेला. बारकीबाई घराबाहेर आली नाही. त्यानंतर आम्ही दोघंच झाडत राहिलो. एकदा दमून बसला आणि म्हणाला, "ती माझ्याशी बोलत नाही ना रे, ते खातं मला." मी नेहमीप्रमाणे काहीतरी चेष्टा करून विषय बदलला.

तो गेल्यानंतरच्या रविवारी उजाडताना वॉचमन मला बोलवायला आला. मागच्या फाटकाशी बारकीबाई उभी होती, मागे पाड्यातली पाच-सहा माणसं, हातात विळे.

"नंदूभाऊ कवा येतो खाली? गवत लय वाळलंय यंदा."

तिला कळलंच नव्हतं. कळणार कसं? आमच्यातलं कोणी वर सांगायला गेलंच नव्हतं. मी सांगितलं. ती फाटक धरून खाली बसली.

"राग कवाच गेला व्हता रं," ती म्हणाली. "सांगायचं राहून गेलं..."

वहिनींनी बाल्कनीतून नंदूचा खराटा आणून दिला. नंदू डावखुरा, त्यामुळे काड्या एकाच बाजूने झिजलेल्या. मला तो काही जमेना, तेव्हा बारकीबाईने तो माझ्या हातातून घेतला आणि पट्टा झाडत गेली. दव सुकायच्या आत आम्ही गवत जाळलं. जाताना तिने खराटा मागितला नाही, आणि मीही परत घेतला नाही. आता तो तिच्या घरात कुडाला टेकवलेला असतो. नंदूला मात्र त्या घरात पुन्हा कधीच जाता आलं नाही.