मेव्हण्याच्या पिस्तुलाची एक्सेल शीट

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण या फजितीत माझी हातातोंडाशी आलेली टीम लीडची जागा गेलीय!

आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावी एका कारखान्यात मी इंजिनिअर. २०२० चा लॉकडाऊन, घरूनच काम. एक दिवस टेक्सासहून मेव्हण्याचा, निखिलचा, फोन आला. "भाऊजी, परवाना मिळाला, पिस्तूलही घेतलं. शर्टाखाली बाळगायचं तर गोळ्या कुठल्या घेऊ? जादा मॅगझिन किती ठेवू?"

आता मला सांगा, मी आयुष्यात उडवलंय काय? दिवाळीतली टिकल्यांची बंदूक! तीही कान झाकून. इथे आयर्लंडमध्ये तर साध्या पोलिसाच्या कमरेलाही पिस्तूल नसतं. पण लग्नात 'जावयाला काही कळत नाही' म्हणणारा मेव्हणा सल्ला मागतोय म्हटल्यावर मी सोडतो की काय! तीन आठवडे व्हिडिओ पाहिले, एक्सेल शीट केली. सरावाला साधी गोळी, बाळगायला हॉलो पॉइंट, म्हणजे लागल्यावर उमलणारी. जादा मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात सरकवायच्या गोळ्यांच्या डब्या, दोन.

मग लीडच्या जागेसाठी आमच्या मॅनेजर बाईंपुढे, शिवॉनपुढे, ऑनलाइन प्रेझेंटेशन. सगळी टीम हजर. स्क्रीन शेअर केली आणि उघडलं काय? पिस्तुलाची शीट! वर ठळक अक्षरांत, 'कपड्यांत लपवून बाळगण्यासाठी'.

शिवॉन हळूच म्हणाली, "घरी सगळं ग्रँड आहे ना?" ग्रँड म्हणजे इथल्या लोकांचं 'ठीक'.

तिथे गप्प बसावं की नाही? पण टीममधल्या डेक्लननं विचारलं, "दोन मॅगझिन कशाला?"

झालं! माझ्यातला मास्तर जागा झाला. "अरे, आधी अडकतं ते मॅगझिनच! आणि हॉलो पॉइंट बरी, ती सहसा आरपार जात नाही, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला धोका कमी." दहा मिनिटं बोललो. स्वतःच्या कामाबद्दल एवढं कधी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी एचआरनं तासभर चौकशी केली. जागा गेली डेक्लनला. सात वर्षं राबलो हो मी त्या जागेसाठी!

तणतणत निखिलला फोन लावला. "तुझ्या पिस्तुलापायी माझं वाटोळं झालं! निदान मी सांगितल्या त्याच गोळ्या घेतल्यास ना?"

"कुठलं काय, भाऊजी! इथे टंचाई आहे. दुकानात एकच खोका उरला होता, तो उचलला."

"मग मला कशाला विचारलंस?"

तो चाचरला. "ताई म्हणाली, घरात बसून तुम्ही फार चिडचिड करता. काहीतरी विचार त्यांना, तेवढंच मन रमेल."

त्याची ताई, म्हणजे माझी बायको, समोरच भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही. असा अपमान झाला, वाटलं फोन आपटावा.

आणि मी काय म्हणालो?

"बरं, त्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाच. थांब, शीट उघडतो."